आत्यांचा हेडफोन

आत्यांचं बोलणं मधेच तुटलं तर त्या पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. पहिल्यापासून म्हणजे अगदी पहिल्या शब्दापासून. मी कोपरला त्यांच्या घरी भाड्याने राहायला गेलो त्या सकाळी त्या मला पाण्याची वेळ सांगायला जिन्यात उभ्या राहिल्या. "मास्तर, पानी सकालचा येतो, पन टाकीचा कॉक..." एवढ्यात खालून काँक्रीटचा मिक्सर गडगडत आला. आत्यांनी उजव्या हाताचा पंजा माझ्या नाकासमोर धरला आणि डोळे मिटले. मिक्सर वळणावर अडला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. ड्रायव्हरने खाली उतरून कुणाला तरी शिव्या घातल्या. सगळं निवळल्यावर पंजा खाली आला. "मास्तर, पानी सकालचा येतो, पन..." तेवढ्यात समोरच्या इमारतीत ड्रिल सुरू झालं. पाण्याची वेळ मला शेवटी तळमजल्यावरच्या इस्त्रीवाल्याने सांगितली.

मी ऑनलाइन शिकवतो, अकरावी-बारावीचं फिजिक्स. मूळचा ठाण्याचा. कोपरीत स्टेशनला लागून आमचं घर होतं. गाड्यांच्या घोषणा ऐकतच वाढलो, त्यामुळे आवाजाचं आपल्याला काही वाटत नाही अशी माझी समजूत होती. ते घर पुनर्विकासाला गेलं, मी तात्पुरता म्हणून डोंबिवली पश्चिमेच्या या कोपऱ्यात आलो आणि ती समजूत पहिल्याच आठवड्यात गळून पडली. सकाळी देवळाचा भोंगा. मग भंगारवाल्याच्या गाडीवरचा रेकॉर्ड केलेला घसा. मग शेजारी टॉवरच्या पायासाठी जमिनीत खांब ठोकणारं यंत्र, ज्याच्या प्रत्येक घावाला माझ्या फडताळातल्या काचेच्या बरण्या एकमेकींना लागायच्या. संध्याकाळी हळदी. लग्नाच्या मोसमात त्या भागात एकाच वेळी तीन बाजूंनी तीन हळदींचे डीजे ऐकू येतात, आणि तीनही ठिकाणी गाणं एकच असतं, फक्त वेगवेगळ्या कडव्यावर.

वैताग असा की तक्रार करायची कुणाकडे? टॉवर उभा राहत होता तो मालकांच्याच जमिनीवर. मालक म्हणजे आत्यांचे भाचे. पूर्वी तिथे त्यांची भातशेती होती, त्यापलीकडे खाडीकडे मिठागरात वाटा होता. आता मालकांच्या गळ्यात जाड साखळी होती, दारात उंच गाडी होती आणि मनाने माणूस लोण्यासारखा होता. मी एकदा आवाजाचं बोललो तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला. "मास्तर, टेन्शन नका घेऊ. टॉवर झाला ना, की सगला शांत." टॉवर झाल्यावर त्याच्या पलीकडचा सुरू होणार होता, हेही त्यांनीच नंतर आनंदाने सांगितलं.

आत्या लग्नानंतर वर्षाच्या आतच सासरहून परत आलेल्या. का, ते घरात कुणी बोलत नसे. तेव्हापासून त्या भावाच्या घरी राहिल्या, भाच्याला वाढवलं, मग भाच्याची मुलगी आणि मुलगा वाढवले. सगळा परिसर त्यांना आत्याच म्हणायचा, भाजीवाल्यापासून बँकेतल्या शिपायापर्यंत. नऊवारीचा कासोटा, उभा बांधा, आणि दोन्ही कानांच्या पाळ्यांवर वरच्या बाजूला सोन्याच्या बुगड्या. बुगड्या आईच्या होत्या. झोपतानाही त्या काढत नसत, त्यामुळे पाळी थोडी पुढे झुकली होती आणि त्या सतत काहीतरी ऐकायला कान पुढे करताहेत असं वाटायचं.

आणि आत्या धवलारीण होत्या.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आगरी घरात लग्नाच्या हळदीला धवला गातात. ते लांबलचक गाणं असतं. म्हणणारी बाई ती धवलारीण. आत्यांच्या घराण्यातल्या धवल्यात गावच्या एकेका देवाला नाव घेऊन मांडवात बोलवायचं असे. वेशीवरचा, विहिरीवरचा, खाडीच्या बांधावरचा, मिठागराचा राखणदार, आणि शेवटी घरातली गेलेली माणसं. सगळे आले की मग नवऱ्या मुलाला नाहीतर मुलीला हळद लावायची. कागदावर काही नाही, आईच्या तोंडून मुलीच्या कानात. आणि आत्यांच्या आईने घालून दिलेला नियम असा की धवला मधे तुटता कामा नये. तुटला तर पुन्हा पहिल्या देवापासून. अर्ध्या वाटेत बोलावणं तुटलं तर तो देव दारातून परत जातो, आणि राग धरून जातो.

म्हणजे जिन्यातलं ते पाण्याचं प्रकरण म्हातारचळ नव्हतं. जन्मभर एकाच शिस्तीत वापरलेली जीभ होती ती. तिला अर्धवट सोडणं जमतच नव्हतं.

एकदा दुपारी माझा तास चालू असताना आत्या दारात येऊन उभ्या राहिल्या. तास संपेपर्यंत थांबल्या. मी कानांवरचा मोठा हेडफोन काढला तशा आत आल्या.

"ह्या काय कानावर?"

"हेडफोन आत्या. बाहेरचा आवाज येत नाही."

"तुजा आवाज बाहेर येतो पन. दिसभर बल, बल करतस."

मी म्हटलं, फिजिक्समध्ये बल असतं, त्याला माझा इलाज नाही. त्यांनी हात पुढे केला. मी हेडफोन त्यांच्या डोक्यावर बसवला आणि आवाज मारायचं बटण दाबलं. शेजारी खांब ठोकणं जोरात चाललं होतं. आत्या माझ्या पलंगावर टेकल्या. डोळे मिटले. कपाळावरच्या आठ्या एकेक करून सैल झाल्या, आणि मला कळेना की आता यांना हाक मारावी की नाही.

बऱ्याच वेळाने त्यांनी एक कान उघडा केला. "कवरा शांत. कुठं गेला आवाज?"

"इथेच आहे. हे यंत्र त्याच्या बरोब्बर उलटा आवाज तयार करतं. मग दोघं एकमेकांना खाऊन टाकतात."

आत्यांनी विचार केला. "म्हंजे आत आता दोन आवाज हायत."

"हो, म्हणजे तसंच..."

"आनि तू म्हनतस शांत हाय."

पण हेडफोन काढला नाही. माझा पुढचा तास मी लॅपटॉपच्या फुटक्या स्पीकरवर घेतला.

त्यांना हेडफोन का हवा होता, ते मला तुकड्यातुकड्याने कळलं. बाहेरचं काही ना काही मधे यायचं आणि त्या पुन्हा आरंभापासून सांगायच्या, त्यामुळे आरंभ मला तोंडपाठ आहे. आरंभ असा: मालकांच्या मुलीची हळद. मांडवाला टेकून डीजे लावलेला. आत्या धवला म्हणायला बसल्या आणि खाडीच्या बांधापर्यंत पोचल्या तोच पोरांनी गाणं चढवलं. त्या तुटल्या. पुन्हा पहिल्यापासून बसल्या. पुन्हा तुटल्या. तिसऱ्यांदा बसल्या तेव्हा मिठागराच्या राखणदाराचं नाव जिभेवर आलंच नाही. डोक्यात नुसता तो धडधडणारा ठेका. बायका म्हणाल्या, "आत्या, राहू दे आता, मानसा खोलंबलीत," आणि हळद लागली. पुढच्या पावसाळ्याच्या आत मुलगी माहेरी परत आली. नवरा दुसरीकडे गुंतलेला होता, हे सगळ्या घराला माहीत होतं. आत्यांनाही माहीत होतं.

"तुमचा काय संबंध त्यात?" मी एकदा चिडून म्हटलं. "तो माणूसच तसा होता."

"मानूस तसा होता," आत्या म्हणाल्या. "पन राखनदार आयला नव्हता ना. तो असता तं त्याने बघला असता." मग खाली बघत म्हणाल्या, "माज्या हलदीला कोन राहिला होता, देव जाने."

ती मुलगी वरच्या मजल्यावर राहायची. सकाळी ऑफिसला जायची, संध्याकाळी परत यायची, आत्यांच्या पायाला तेल लावून द्यायची. तिच्या मनात असलं काही नव्हतं. पण तिच्या चपला दारात दिसल्या की आत्यांचा चेहरा उतरायचा, आणि ते रोज व्हायचं, कारण ती रोज घरी यायची.

आता मालकांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. तुळशीच्या लग्नानंतरची तारीख निघाली. धाकटा, आत्यांच्या मांडीवर वाढलेला. याच्या वेळी धवला अखंड झाला पाहिजे, एवढं एकच आत्यांना या जगाकडून हवं होतं. पण त्या घाबरल्या होत्या. राखणदाराचं नाव परत आलं होतं, पण अधूनमधून दुसरंच काहीतरी निसटायचं. उजळणी हवी होती. आणि उजळणीची अडचण अशी की धवला मांडवाबाहेर मोठ्याने म्हणायचा नसतो. मी मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवू म्हणालो तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "हलद नाय, मांडव नाय, आनि देवाना बोलवू? आयले की काय सांगू, मास्तर टेप करतो?" म्हणजे उजळणी मनातल्या मनात, ओठ मिटून, बोटांची पेरं धरत. त्याला शांतता लागते, आणि शांतता कोपरमध्ये मिळत नव्हती.

म्हणून आम्ही हेडफोन घ्यायला गेलो. स्टेशनजवळच्या दुकानातल्या मुलाने काउंटरवर चार-पाच डबे मांडले. "आजी, हा घ्या. बेस एक नंबर आहे."

"बेस नको," आत्या म्हणाल्या. "बेस आमच्याकरं खूप हाय."

त्याने एक त्यांच्या कानाला लावला आणि नमुन्याचं गाणं सुरू केलं. नेमकं ते हळदीतलंच. विंचू चावल्यासारखा आत्यांनी हेडफोन काढला. "गाना नको मना. ह्यातून काय पन आयला नाय पाहिजे."

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. "मोबाईल कुठला आहे आजींचा?"

"मोबाईल नाही त्यांच्याकडे."

"मग कनेक्ट कशाला करणार?"

"कशालाच नाही," मी म्हटलं.

त्याने डबे आवरायला घेतले. आत्यांनी एक डबा हाताखाली दाबून धरला. मग त्यांनी त्यांची परीक्षा सुरू केली. एकेक हेडफोन घालायचा, दुकानाच्या पायरीवर रिक्षांच्या रांगेकडे तोंड करून बसायचं, डोळे मिटायचे आणि पेरांवर अंगठा फिरवायचा. कानात बोंडं घालायचे छोटे प्रकार त्यांच्या सैल कानातून पडायचे. एकात रिक्षांची घरघर जायची पण हॉर्न यायचा. एकात हॉर्नही बारीक व्हायचा, पण कानावर एवढा दाब की बुगडी कवटीत रुतायची. मी सांगितलं, हा नको, दुखेल. आत्यांनी पुन्हा डोळे मिटले. मग दोन्ही हात वर नेले आणि तिथेच पायरीवर बसून बुगड्यांचं मळसूत्र फिरवायला लागल्या. इतक्या वर्षांत ते न फिरलेलं मळसूत्र. एक बुगडी निघाली. दुसरी काढताना थोडं रक्त आलं. त्यांनी त्या पदराच्या टोकात बांधल्या आणि तोच हेडफोन पुन्हा घातला.

"ह्यो," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर नवीन संकट. मोबाईलला न जोडलेला हेडफोन थोड्या थोड्या वेळाने इंग्रजीत बोलायचा, आणि शेवटी कंटाळून आपला आपण बंद व्हायचा. आत्या तक्रार घेऊन वर आल्या. "मास्तर, ह्याच्यात एक बाई हाय. मधीच काय तरी बोलते आनि आवाज परत येतो."

त्या बाईला गप्प करायचा एकच मार्ग होता. हेडफोन माझ्या मोबाईलला जोडायचा आणि मोबाईलवर काहीतरी चालू ठेवायचं. मग मी एक रेकॉर्डिंग बनवलं, ज्यात काही नव्हतं. निव्वळ रिकामं. ते मी वरून लावायचो आणि आत्या खाली मागच्या ओट्यावर बसून ते ऐकायच्या. मोबाईल मात्र जवळपास लागायचा. मी दूध आणायला कोपऱ्यावर गेलो की संपर्क तुटायचा, ती बाई बोलायची, आणि परत येतो तो आत्या पंजा वर धरून बसलेल्या दिसायच्या. "खाडीवर होते रे," त्या म्हणायच्या, आणि पुन्हा वेशीपासून सुरू.

ते दिवस मला आठवतात ते त्यांच्या चेहऱ्यासाठी. समोर त्यांच्याच शेतात क्रेन फिरतेय, मिक्सर ओततोय, धूळ उडतेय, आणि आत्या ओट्यावर मांडी घालून, डोक्यावर तो काळा मोठा हेडफोन, अंगठा पेरांवरून हळूहळू सरकतोय. बिल्डिंगमधली पोरं त्यांना डीजे आत्या म्हणायला लागली. त्यांना ते ऐकूच येत नव्हतं. एक दिवस त्या जिना चढून वर आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "मास्तर, शेवटपर्यंत गेले." एवढंच. मी तोपर्यंत त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

मालकांनी तर शब्दच दिला. "आत्या, तुज्या धवल्याला डीजे बंद म्हंजे बंद. मी स्वता उभा राहतो." ते मनापासून बोलत होते, याबद्दल मला आजही शंका नाही. मी सुचवलं की दहाला डीजे कायद्याने बंदच होतो, त्यानंतर म्हणा. आत्यांना तो विनोद वाटला. "हलद लागल्यावर देवाना बोलवून काय करू? उष्टी हलद दाखवू?"

हळदीची संध्याकाळ. अंधार पडला होता, मांडव माणसांनी भरलेला. धाकटा पाटावर बसला, पुढ्यात हळदीचं ताट. शेजारी आत्या नवं लुगडं नेसून, कानांची भोकं मोकळी. डीजेच्या भिंतीपासून जेवढं लांब बसता येईल तेवढं आम्ही बसलो होतो, म्हणजे फार लांब नव्हे. मी विमानात करतात तसे मोबाईलवरचे फोन-मेसेज बंद करून फक्त ते रिकामं रेकॉर्डिंग लावलं आणि त्यांच्या मागे उभा राहिलो. मालकांनी हात वर केला. डीजे थांबला. खरंच थांबला. कान सुन्न झाल्यासारखं वाटलं.

मी वाकून म्हटलं, "आत्या, थांबलाय. हेडफोन नका घालू." त्यांनी मान हलवली आणि घातलाच. या घरातल्या शांततेवर त्यांचा विश्वास उरला नव्हता.

त्यांनी सुरुवात केली. आवाज बारीक, किंचित कापरा, पण आत एक सरळ रेघ. माझ्या कानावर वेशीचा देव आला, विहिरीचा आला. बायका गप्प झाल्या. वरच्या मजल्यावरची मुलगी खांबाला टेकून उभी होती, ती पुढे सरकली. मला वाटलं, झालं. आता जमलं.

तेवढ्यात मांडवाच्या तोंडाशी गडबड उडाली. कुणीतरी मोठे पाहुणे आले होते, गळ्यात हार, मागे पन्नास पोरं. मोठे पाहुणे आले की त्यांच्या नावाचं गाणं वाजलंच पाहिजे, ही तिथली रीत. मालक धावत पुढे गेले. डीजेवाल्याने त्यांच्याकडे बघितलं, पाहुण्यांकडे बघितलं, आणि आवाजाचा दांडा वर केला.

तो आवाज कानाला लागलाच नाही, छातीलाच लागला. जमीन हलत होती. मी आत्यांकडे पाहिलं. डोळे मिटलेले, ओठ चालू. अंगठा पेरावरून पुढे सरकला. त्या तुटल्या नव्हत्या.

मला धावत जाऊन तो दांडा खाली करायचा होता. पण मोबाईल माझ्या खिशात होता. मी त्या गर्दीतून लांब गेलो असतो तर संपर्क तुटला असता, आत ती बाई बोलली असती आणि खाडीच्या बांधावर सगळं संपलं असतं. मोबाईल सतरंजीवर ठेवावा तर पोरं नाचत अंगावर येत होती. मी दोन्ही हात पसरून त्यांना आत्यांपासून अडवत होतो. तिथूनच मी मालकांना खुणा केल्या. त्यांनी लांबून मला हात जोडले, दोन मिनिटं अशी बोटं दाखवली, आणि पाहुण्यांनी त्यांना नाचायला ओढलं. दहाच्या आत जेवढं वाजवायचं तेवढं वाजवून घ्यायची पोरांची घाई. दोन मिनिटं संपली नाहीत.

मी आत्यांचे ओठ बघत राहिलो. एवढ्या जवळून त्यातलं एक अक्षर मला ऐकू येत नव्हतं. कुणालाच येत नव्हतं. बायकांपैकी एकीने दुसरीला खूण केली, आता किती वेळ. आणि बायकांनी ताटात हात घातला. आत्या शेजारीच बसून गात होत्या, आणि या बायकांनी धाकट्याच्या गालांना, हातांना, पायांना हळद लावली. तो पोरगा वळून आत्यांकडे बघत होता. त्याने एका बाईचा हात धरलाही. तिने त्याच्या कानाशी काहीतरी म्हटलं आणि सोडवून घेतला.

शेवटच्या पेरावर अंगठा थांबला. आत्यांनी डोळे उघडले. समोर धाकट्याचा पिवळा चेहरा. मागे नाच. त्या किती तरी वेळ त्याच्याकडे बघत होत्या. मग हेडफोन काढला, आणि तो सगळा आवाज त्यांच्या अंगावर आल्यावर दचकल्या. मला जवळ ओढून त्या माझ्या कानात ओरडल्या.

"सगला झाला ना? काय राहिला नाय ना?"

मी त्यांच्या कानात ओरडलो, "आत्या, मला ऐकू आलं नाही."

"मना बी नाय आला," त्या म्हणाल्या. मग माझं मनगट घट्ट धरलं. "मी बोलले का, मास्तर? का नुसता मनात फिरवला?"

"ओठ हलत होते."

"शेवटपरयंत?"

"शेवटपर्यंत."

"मंग झाला असल," आत्या म्हणाल्या, आणि हेडफोन माझ्या हातात दिला. तो त्यांनी पुन्हा कधी मागितला नाही. बुगड्याही घातल्या नाहीत.

लग्न छान झालं. नवी सून चांगली आहे, हसरी आहे, धाकट्याचं आणि तिचं पटतं. हे सगळं आत्यांना दिसत होतं आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. सून स्वयंपाकघरात जरा मोठ्याने बोलली की आत्या दारापर्यंत जाऊन उभ्या राहायच्या. ती माहेरी दोन दिवस गेली तर परत येईपर्यंत त्या जेवायच्या नाहीत. मालक बिचारे म्हणायचे, "आत्या, सगला ठीक हाय ना? मंग?" देव आले की दारातून परत गेले, हे सांगणारं जगात कुणीच नव्हतं. त्या स्वतःही नव्हत्या. पुढच्या हळदींची बोलावणी आली ती त्यांनी नाकारली. ओट्यावर बसायच्या, पण अंगठा पेरांवरून सरकायचा नाही, हात मांडीवर नुसता उघडा पडलेला असायचा. मला त्याचा एवढा राग यायचा की काय करावं कळायचं नाही, आणि रागवायचं कुणावर? मालकांवर? ते अजूनही आत्यांसाठी रोज मासे निवडून आणत होते.

मी कोपर सोडलं तेव्हा टॉवर पुरा झाला होता आणि त्यामागचा सुरू झाला होता. माझी नवी जागा टिटवाळ्याला. सामानाचा टेम्पो पुढे गेला होता, मी बॅग घेऊन जिना उतरलो, तर आत्या दारात उभ्या.

"मास्तर, तू आता जातस तं एक सांगतंय, त्या दिशी मांडवात मी..."

मिक्सर आला. आत्यांनी पंजा वर केला, डोळे मिटले. मी बॅग खाली ठेवली. मला घाई नव्हती. मिक्सर वळला, अडला, निघून गेला. मग कोपरमध्ये क्वचितच होते तशी शांतता झाली. क्रेनही थांबली होती, जेवायची सुट्टी झाली असावी.

पंजा खाली आला. आत्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

"बोला आत्या," मी म्हटलं. "पहिल्यापासून."

त्यांनी ओठ उघडले, मिटले. "नाय रे," त्या म्हणाल्या. "ऱ्हाव दे."

त्या आत गेल्या. दार लागलं, आणि कडी लावल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.